मीठ जास्त नव्हतं

वर्ध्याच्या एका दैनिकाच्या कार्यालयात मी लागले तेव्हा पंचवीस वर्षांची होते. काम डेस्कवरचं. तालुक्यातालुक्यांतले वार्ताहर बातम्या पाठवायचे. त्या मी नीट करायच्या, मथळा द्यायचा आणि पानात बसवायच्या. मथळ्यांत माझा हात चांगला आहे असं सगळे म्हणत. यमक मला पटकन सुचायचं. समुद्रपूरच्या शाळेत असताना मैत्रिणींच्या मोठ्या बहिणींना लग्नासाठी उखाणे मीच करून द्यायचे, ती सवय इथे कामाला आली.

त्या दिवशी दुपारी पोलिसांचं रोजचं प्रसिद्धीपत्रक आलं. त्यात एक नोंद होती. आंजीच्या पुढच्या एका गावात जेवणात मीठ जास्त झाल्याच्या क्षुल्लक कारणावरून पतीने पत्नीला काठीने मारून जखमी केले. तीन ओळींची नोंद. जखमी म्हणजे किती जखमी, हे मी विचारलं नाही. मला ते 'मीठ' दिसलं आणि मी खूश झाले, कारण पहिल्या पानाच्या तळाशी एक चौकट भरायची होती आणि तिच्यासाठी काहीतरी हलकंफुलकं हवं होतं. मी मथळा दिला, 'भाजी खारट, नवरोबा तापट!' बाजूला लाटणं घेतलेल्या बाईचं एक जुनं रेखाचित्र लावलं. खरं तर मार बाईने खाल्ला होता, पण ते मला तेव्हा खटकलंसुद्धा नाही. बातमीत बाईचं नाव नव्हतं. गावाचं होतं, नवऱ्याचं आडनाव होतं आणि तिचं वय होतं.

आमचे कार्यालयप्रमुख पन्नाशीचे होते. फार कमी बोलायचे, फार कमी हसायचे. पान पाहून ते हसले. म्हणाले, "जमलं बरं का." उरलेला दिवस मी त्या तीन शब्दांवर खूश होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चौकटीचा फोटो माझ्याच मोबाईलवर चार ग्रुपमधून आला. हसणाऱ्या चेहऱ्यांची रांगच्या रांग. समुद्रपूरहून आईचा फोन आला. आई सातवी शिकलेली. पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची, आणि मी लागल्यापासून मोठ्याने वाचायची, म्हणजे शेजारणींनाही ऐकू जावं. ती हसत हसत म्हणाली, "अवं, इतकं मीठ टाकते का कोनी? बाईचं बी लक्ष पायजे ना थोडंसं." मीही हसले. म्हटलं, मथळा माझा आहे. तिला फार बरं वाटलं.

चौथ्या दिवशी ती बाई कार्यालयात आली.

दुपारची वेळ होती, अर्धेअधिक जण जेवायला गेले होते. दारात एक तिशीची बाई उभी राहिली. उजव्या हाताला मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर, गळ्यात पट्टी. डाव्या हातात कापडी पिशवी. तिने ती टेबलावर ठेवली आणि एका हाताने त्यातून घडी केलेला पेपर काढला.

"हे कोनं लिवलं?" तिने विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

शिपायाने माझ्याकडे पाहिलं. मी उठले, खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"ताई, मीठ जास्त नव्हतं," ती म्हणाली.

मला काही कळलं नाही. मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हनजे भाजीत मीठ बरोबर होतं. वांग्याची भाजी होती. दोन पोळ्या खाल्ल्या थ्यानं तिच्यासंगं. मंग मारलं. मीठ जास्त होतं असं मी कोनालेच सांगतलं नाई. मी तं दवाखान्यात होती, हात बांधून राह्यले होते माहा. पोलिसाइले थ्यानंच सांगतलं, आन् थ्यायनं थेच लिवून घेतलं. तुमी बी थेच लिवलं."

मी पाणी आणून दिलं. तिने घेतलं, आणि मग ती बसली. मी वहीपेन घेतलं. मला वाटलं, आता मी नीट वागते आहे, पत्रकारासारखी. मी विचारलं, "मग खरं कारण काय होतं, ताई?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "थे मले काऊन इचारून राह्यल्या? मारलं थ्यानं. कारन थ्याले इचारा ना. नऊ वर्सं झाली लग्नाले. कधी हे कारन, कधी थे कारन. कारन असल्याबिगर हात तुटत नाई का मानसाचा?"

माझं पेन तिथेच थांबलं. त्या वहीचं ते पान अजून माझ्याकडे आहे. त्यावर फक्त 'खरं कारण' एवढंच लिहिलेलं आहे आणि पुढे कोरं.

मग ती हळूहळू बोलली. दवाखान्यातून घरी आली तर बायका भेटायला आल्या. कोणी डबा आणला, कोणी लेकीची वेणी घालून दिली. वाईट कोणीच नव्हत्या. पण जाताना एकीने सांगितलं, "चाखून पाहत जा व माय, आपला मानूस गरम डोक्याचा आहे तं." दुसरी म्हणाली, पेपरात नाव काढलं गावाचं. भाऊ आला होता माहेरहून, तिला घेऊन जायला. पेपर वाचून तो बदलला. म्हणाला, मिठावरून कोणी घर मोडतं का, थोडं सांभाळून घे. आणि लेक तिसरीत होती. तिला वर्गात पोरं 'खारट भाजी' म्हणू लागली होती.

"आंधी मारलं तं लोक म्हनत, नवरा वाईट आहे," ती म्हणाली. "आता म्हनतात, बाईले सैपाक येत नाई. मी काई हे छापू नका म्हनून नाई आली. छापलं थे बरंच केलं. पन बरोबर छापा. मीठ जास्त नव्हतं, एवढं लिवा."

आंजीला जाणारी बस होती, ती पकडायची म्हणून ती गेली. मी तिला ऑटोपर्यंत सोडायला गेले.

कार्यालयप्रमुख सर जेवून आले तेव्हा मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "पोलिसांनी दिलं ते आपण छापलं. आत खुलासा टाक दोन ओळींचा."

"सर, खुलासा कोण वाचतं?"

त्यांनी चष्मा काढला. "मग काय करायचं म्हणतेस?"

"मला तिच्या गावाला जायचं आहे."

"डेस्कवरच्या माणसाने जायचं नसतं," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "सुटीच्या दिवशी जा. जागा किती देतो ते आल्यावर सांगतो." मला पुढे कळलं की त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः ठाण्यात फोन करून विचारलं होतं, मिठाचं कोणी सांगितलं म्हणून. उत्तर तिच्या बोलण्याशी जुळलं होतं.

सुटीच्या दिवशी मी एरवी समुद्रपूरला जायचे. त्या वेळी आंजीच्या बसमध्ये बसले आणि पुढे काळीपिवळी जीपने गेले. दोन्ही बाजूंनी कपाशी फुटलेली, शेताशेतांत वेचणाऱ्या बायका. गावात उतरल्यावर समोरच चहाची टपरी होती. टपरीच्या पत्र्याला आतून माझी चौकट चिकटवलेली होती. मी पाहतच राहिले. बाकावरचे तिघेचौघे पाहत होते की ही कोण आली.

"पेपरातून आले," मी म्हटलं.

"हे तुमच्यातच आलं होतं ना?" चहावाल्याने कौतुकाने चौकटीकडे बोट दाखवलं. "गंजच मस्त लिवलं, मॅडम. मानूस हासून हासून पडते."

"ते मी लिहिलं," मी म्हटलं. आणि मला पुढे म्हणायचं होतं की ते खोटं आहे, पण त्याने तोवर माझ्यासमोर चहा ठेवला होता आणि पैसे घेत नव्हता. लोक हसले ते माझ्यामुळे. मी त्यांना हसायला कारण दिलं होतं, आणि आता त्यांच्यावर रागावण्याचा हक्कही मला नव्हता. एवढंच म्हणाले, "काका, त्या बाईचा हात मोडलाय. दोन ठिकाणी." तो म्हणाला, "हो का? थे काई लिवलं नाई तुमी." ते खरंच होतं.

तिच्या घरी नवरा नव्हता. जामिनावर सुटून तो स्वतःच्या भावाकडे राहत होता. ती अंगणात बसली होती. मला पाहून म्हणाली, "आल्या का? मले वाटलं नाई येत तुमी." तिने मला शेजारच्या काकूंकडे नेलं. दोन घरांत एकच भिंत. काकू साठीच्या, एकट्या, मुलगा पुलगावला नोकरीला.

काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत बसल्या. मग म्हणाल्या, "दिवेलागनीचा टाइम होता. मी वात करून राह्यली होती. सारं आयकू येते मले, नऊ वर्सांपासून येते. थ्या दिवशी मिठाचं काईच बोलला नाई थो. अंगनवाडीच्या नोकरीच्या फारमावर सही काऊन केली, कोनाले इचारून केली, असं म्हनून राह्यला होता. थे मी माह्या कानानं आयकलं."

"मग तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"सांगनार होती. पोलीस पाटलाकडे जाऊ म्हनलं सकाळी. पन मंग पेपर आला ना, बाई. पेपरात तं मीठ लिवलं होतं. मले वाटलं, माह्या कानाचा काय भरवसा. म्हातारी झाली मी. पेपरवाले काई खोटं लिवत नाई."

मी आजवर अनेक बातम्या लिहिल्या. त्यांतल्या एकीचा परिणाम मी अशी समोर बसून पाहिला. ज्या बाईने स्वतःच्या कानांनी ऐकलं, तिने माझ्या यमकावर विश्वास ठेवून स्वतःचे कान खोटे मानले. मी काकूंचा हात धरला आणि म्हटलं, "काकू, तुम्ही बरोबर ऐकलं. आम्ही चुकीचं लिहिलं." त्या माझ्याकडे टक लावून पाहत होत्या. मग शेजारी बसलेल्या तिच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "मी येतो तुह्यासंगं ठान्यात. उद्या येतो." भिंतीपलीकडच्या त्या बाईला नऊ वर्षांत पहिल्यांदा कोणी असं म्हणत होतं. ती उठून चुलीवर चहा ठेवायला गेली, एका हाताने.

परत आल्यावर मी बातमी लिहायला बसले, आणि मला लिहिता येईना. मथळा तर सुचेचना. जे सुचत होते ते सगळे चमकदार होते. शेवटी सरांनी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "काय झालं ते सांग फक्त." मी सांगत गेले, ते ऐकत गेले. मथळा झाला, 'नऊ वर्षांपासून मारहाण. पत्नीचा हात मोडला'. बातमीत आम्ही कुठेही 'कारण' दिलं नाही. गावाचं नाव दिलं नाही. अशा वेळी मदत कुठे मिळते, तालुक्याला कोणाकडे अर्ज करायचा, ते दिलं. शेवटी सरांनी स्वतःच्या हाताने तीन वाक्यं जोडली. पूर्वी छापलेलं कारण मारणाऱ्याने सांगितलेलं होतं. ते आम्ही तपासलं नाही आणि त्यावर विनोद केला. ही आमची चूक आहे. मी म्हटलं, "सर, वरून कोणी विचारलं तर?" ते म्हणाले, "विचारलं तर मी आहे." बातमी पहिल्या पानावर गेली, तळाशी, त्याच जागी. तेवीस वर्षांत त्यांनी पहिल्या पानावर चूक कबूल केली नव्हती, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. मी त्यांची फार ऋणी आहे. ते नसते तर दोन ओळींच्या खुलाशावर माझं समाधान झालं असतं आणि ती सवय मला कायमची लागली असती.

ही बातमी कोणत्याच ग्रुपवर फिरली नाही. हसणारे चेहरे नाहीत, रडणारेही नाहीत. मी दिवसभर मोबाईल पाहत होते.

पुढच्या सुटीला घरी गेले. आईने त्या दिवशीचा पेपर जपून ठेवला होता, पण त्याविषयी ती काही बोलली नाही. दुपारी भांडी घासताना अचानक म्हणाली, "मी म्हनलं होतं ना तुले, बाईचं बी लक्ष पायजे म्हनून."

"हो."

"थे मी चुकीचं म्हनलं."

ती राखेने तवा घासत होती, माझ्याकडे पाहत नव्हती. "आपल्या मांगच्या घरी थे नवी सून आहे ना. दुपारी आवाज येते तिचा. मंग मी टीव्ही मोठा करतो. मले वाटे, काई केलं असन पोरीनं. रोज थोडी कोनी उगीच मारते." मग तिने तवा धुतला. "काल गेलती मी तिच्या घरी. काई बोलली नाई. बसली फक्त, तासभर. सासू पाहे माह्याकडे, हे काऊन आली म्हनून. म्हनलं, रोज येईन आता, मले घरी करमत नाई."

आणि ती खरंच रोज जायची. विणकाम घेऊन बसायची. तेवढा वेळ तरी त्या घरात कोणी हात उगारत नसे. पुढे त्या सुनेने आईच्याच फोनवरून आपल्या बापाला बोलावून घेतलं. आई मला म्हणाली होती, तुझ्या बातमीने नाही हं, मला आधीपासून वाटतच होतं. असेल. पण ती गेली हे खरं, आणि मी माझ्या आईकडे त्या दिवसापासून वेगळ्या नजरेने पाहायला लागले.

आंजीकडच्या त्या ताईंचं काय झालं ते सांगते. काकूंनी जबाब दिला. भाऊ पुन्हा आला. या वेळी त्याने फारसं काही विचारलं नाही, ताई आणि लेक दोघींना माहेरी घेऊन गेला. तिथे सगळं गोड होतं असं नाही. वहिनीचं तोंड वाकडं, घर लहान. वर्षभराने ताईंनी आंजीत एक खोली घेतली आणि ब्लाउज शिवायला लागल्या. हात जोडला गेला, पण थंडीत दुखतो, कात्री धरताना त्रास होतो. कोर्टाच्या तारखा बरीच वर्षं चालल्या. नवऱ्याने तिच्या घराकडे फिरकू नये असा हुकूम मात्र लवकर मिळाला, आणि तो बहुतेक वेळा पाळला गेला. अंगणवाडीची ती जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. त्याबद्दल त्यांना अजून वाईट वाटतं. लेक आता वर्ध्याला कॉलेजात आहे.

चहाच्या टपरीवरची चौकट बरेच महिने तशीच होती, असं काकू सांगायच्या. एक दिवस चहावाल्याच्या बायकोने ती खरवडून काढली. का, ते तिने कोणाला सांगितलं नाही.

ताईंनी आमचा पेपर लावला तो आजतागायत चालू आहे. पहिली दोन वर्षं त्यांचा फोन म्हणजे मला धडकीच. सकाळी आठला वाजायचा. "ताई, आज पाचव्या पानावर काय लिवलं? 'चारित्र्याच्या संशयावरून.' संशय कोनाले होता? थ्याले. मंग तिचं चारित्र्य काऊन आनता मधात?" कधी, "ताई, 'किरकोळ वाद' लिवलं. डोस्क्याले सात टाके पडले तं किरकोळ कसं?" मी वाद घालायचे. जागा नसते, वेळ नसतो, बातमी दुसऱ्याने लिहिलेली असते. त्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "थे तुमचं तुमी पाहा. मले दिसलं थे सांगतलं." मग मी तो शब्द दुसऱ्या दिवशी डेस्कवर सांगायचे. काही जण चिडायचे, काही ऐकायचे. एकदा सर निवृत्त व्हायच्या आधी एका पानावर मी पाहिलं, तर 'क्षुल्लक' या शब्दावर त्यांनी लाल रेघ मारली होती, आणि बाजूला काहीच लिहिलं नव्हतं. वाक्य त्याच्याशिवाय बरोबर वाचता येत होतं.

सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. आजही मोबाईलवर तसल्या चौकटी येतात, आता तर गाणी लावून येतात. आजही एखाद्या दिवशी आमच्याच पानात काहीतरी निसटतं. पण आमच्याकडे आता नव्याने लागणाऱ्याला पहिल्या आठवड्यात एवढं सांगितलं जातं, की मारहाणीचं कारण प्रसिद्धीपत्रकात आलं तर ते कोणी सांगितलं ते आधी विचार. हे सांगणारी मी असते, आणि सांगताना माझ्यासमोर प्लास्टरमधला एक हात असतो.

गेल्या महिन्यात ताईंचा फोन आला. सकाळी आठलाच. मी मनाशी म्हटलं, आज काय सापडलं. त्या म्हणाल्या, "ताई, आज तिसऱ्या पानावर हिंगणघाटकडची बातमी वाचली. सासूनं सुनेले वाचवलं म्हनून. कोनं लिवली?"

आमच्या एका नव्या मुलीने लिहिली होती. मी घाबरत विचारलं, "काही चुकलं का?"

"नाई वो. चांगली लिवली. तिले सांगजा, आंजीच्या बाईनं चांगली म्हनलं."

इतक्या वर्षांत मी त्यांना कधी म्हटलं नव्हतं, ते तेव्हा म्हणाले. म्हटलं, "ताई, तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर. तुम्ही त्या दिवशी आला नसता तर मी अजून यमकंच जुळवत बसले असते."

पलीकडून शिलाई मशीनचा आवाज येत होता, तो थांबला. ताई हसल्या. "कायचे उपकार? मी तं भांडाले आली होती तुमच्यासंगं," त्या म्हणाल्या. "पन तुमी खुर्ची देल्ली. मंग काय भांडाचं."